स्वमग्न मुलांचा खेळ : शाळेतला आणि घरातला

सत्र संपत आलं की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर वर्णनात्मक नोंदींच्या पीडीएफ फिरू लागतात. इयत्ता निवडा, विषय निवडा, वाक्य उचला. शारीरिक शिक्षणाच्या रकान्यात दोन वाक्यं ठरलेली. 'खेळात आवडीने भाग घेतो' आणि 'खेळात सहभागी होत नाही'. पहिलं वाक्य जवळपास सगळ्या पटाला लागतं. दुसरं वर्गातल्या एखाद्याच मुलाच्या वाट्याला येतं. ते मूल स्वमग्न असेल तर दरवर्षी तेच वाक्य त्याच्या नावासमोर चढत जातं. पालक सही करतात, साहेब तपासतात, कोणालाच काही वावगं वाटत नाही.

मला मात्र ते वाक्य खटकतं. कारण ते मूल बहुतेक वेळा खेळत असतं. आपल्याला तो खेळ ओळखू येत नाही.

आमची शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी, पट 31. चारही बाजूंनी धानाच्या बांध्या, मागे मोहाची दोन झाडं, समोर हँडपंप. गोंदिया जिल्ह्यात अशा शाळा गावोगाव आहेत, तुमच्यापैकी कित्येक जण अशाच शाळेत असतील. या शाळेत चार वर्षांपासून एक मुलगा आहे. त्याचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे अर्ध्या गावच्या पोरांना घरी बाबूच म्हणतात, म्हणून मीही इथे बाबूच म्हणते. दुसरीत असताना नागपूरला तपासणी झाली आणि कागदावर 'ऑटिझम' असं आलं. त्याआधी गावाने त्याला मुका, हट्टी, बाहेरचं लागलेला, सगळं म्हणून घेतलं होतं. मुका तो नाही. थोडं बोलतो, आणि त्यातलं बरंचसं ऐकलेलं जसंच्या तसं परत बोलतो.

बाबूजवळ एक लहानशी चुंगडी असते. तिच्यात झाकणं. पाण्याच्या बाटलीची, थंड्याच्या बाटलीची, खोकल्याच्या औषधाची, एक बामच्या डबीचं. मधल्या सुट्टीत पोरं मैदानात पळाली की बाबू व्हरांड्यात पहिल्या खांबाजवळ बसतो आणि झाकणांची ओळ लावतो. ओळ वर्गाच्या उंबरठ्यापर्यंत येते. घंटा झाली की उलट क्रमाने एकेक झाकण चुंगडीत. रोज.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, रंगाने लावत असेल. तसं नाही. आकारानेही नाही. बरेच दिवस बाजूला बसून पाहिल्यावर कळलं की प्रत्येक झाकण तो आधी फरशीवर एकदा हलकेच आपटतो, डोकं तिरपं करतो आणि मग त्याची जागा ठरवतो. तो आवाजाने लावतो. जाड झाकणांचा भरीव 'टक' एका टोकाला, पातळ झाकणांचा 'टिक' दुसऱ्या टोकाला. आमच्या सरांनी एकदा डोळे मिटून ती ओळ क्रमाने वाजवून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, हे तर जलतरंग झालं." संगीतातलं मला फारसं कळत नाही. पण एवढी बारकाईची निवड, एवढा वेळ, कोणी सांगितलेलं नसताना, कशाच्या बक्षिसासाठी नाही, केवळ आवडतं म्हणून. खेळाची आणखी कोणती व्याख्या आपण करतो?

आपली अडचण अशी की डी.एड.ला आपण खेळाच्या पायऱ्या पाठ केलेल्या असतात. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने 1932 मध्ये त्या मांडल्या. मूल आधी नुसतं बघतं, मग एकटं खेळतं, मग दुसऱ्याच्या बाजूला बसून आपला वेगळा खेळ खेळतं, मग थोडी देवाणघेवाण करतं आणि शेवटी सगळ्यांत मिळून खेळतं. मांडणी उपयोगाची आहे. पण परीक्षेसाठी पाठ केली की ती जिना होऊन डोक्यात बसते, आणि एकटं खेळणारं मूल आपल्याला खालच्या पायरीवर अडकलेलं दिसायला लागतं. मग आपण त्याला ओढून वर घ्यायला जातो. हात धरून गोलात बसवतो. ते किंचाळतं. आणि मग ते वाक्य रकान्यात लिहिलं जातं.

'स्वमग्न' हा मराठी शब्दही थोडा फसवतो, असं मला वाटतं. स्वतःत बुडालेला, म्हणजे त्याला कोणी नको, असा अर्थ आपण काढतो. बाबूला माणसं हवी असतात. रिकाम्या शाळेत तो ओळ लावत नाही. शेजारी, दोन हातांवर कोणीतरी लागतं. फक्त त्या कोणीतरी मध्ये हात घालायचा नाही.

या मुलांच्या खेळाकडे आजार म्हणून बघायची सवय जुनी आहे. 1943 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी 11 मुलांवर लेख लिहिला, आणि स्वमग्नता ही वेगळी गोष्ट म्हणून जगासमोर आली. त्यातला पहिलाच मुलगा डोनाल्ड. पाच वर्षांचा असताना त्याला कॅनरकडे आणलं होतं. घरातली भांडी, ठोकळे, जे गोल फिरेल ते फिरवत बसायचा आणि आनंदाने उड्या मारायचा. लेखात ही गोष्ट लक्षण म्हणून आली, ते डॉक्टरांचं कामच होतं. पण डोनाल्डचं पुढे काय झालं हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. त्याचं पूर्ण नाव डोनाल्ड ट्रिपलेट. तो कॉलेज शिकला, आपल्या लहानशा गावातल्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवायला शिकला, देशोदेशी एकटा फिरला आणि 2023 मध्ये 89 वर्षांचा होऊन गेला. गावाने त्याला सांभाळून घेतलं होतं. आणि त्याचा आवडता खेळ होता गोल्फ. मला हे वाचून हसू आलं. ज्याचा त्याचा चेंडू, कोणी हिसकावत नाही, कोणी मागून येऊन धक्का मारत नाही, शांतता, आणि तरी आजूबाजूला चार माणसं. बाबूला गोल्फ नक्की आवडला असता.

आता आपल्या मैदानावर काय असतं ते बघा. खो-खो घ्या. आठ जण आलटून-पालटून तोंडं करून ओळीत बसतात, नववा धावतो, आणि धावता धावता मागून येऊन पाठीवर हात मारून 'खो' ओरडतो. आपल्याला त्यात मजा वाटते. पण ज्या मुलाला शर्टाच्या कॉलरची चिठ्ठीसुद्धा मानेला टोचते, ज्याला कुकरच्या शिट्टीने कान झाकावे लागतात, त्याच्यासाठी मागून अचानक आलेला हात आणि कानाजवळची आरोळी म्हणजे काय असेल? त्यात पुन्हा आमची शिट्टी. 'मामाचं पत्र हरवलं'मध्ये तर मागे बघायचंच नाही, आणि रुमाल आपल्या मागे पडला का याचा अंदाज दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरून घ्यायचा. लपाछपीत दुसऱ्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, हे डोक्यात धरून लपावं लागतं. बाबू लपला की स्वतःच म्हणतो, "बाबू कुठे आहे?"

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. 1985 मध्ये लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांची गोष्ट मुलांना दाखवली. एक बाहुली आपला कंचा टोपलीत ठेवून बाहेर जाते. दुसरी तो काढून डब्यात ठेवते. पहिली परत आली की कंचा कुठे शोधेल? 20 स्वमग्न मुलांपैकी 16 मुलांनी डबा दाखवला, म्हणजे कंचा खरोखर जिथे होता ती जागा. यावरून या मुलांना दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं जड जातं, असं सांगितलं जाऊ लागलं. बरोबर उत्तर देणारी 4 मुलंही त्यात होती, ती मात्र सांगणारे विसरतात. पुढे 2012 मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश संशोधकाने उलटा प्रश्न टाकला. आपल्याला तरी त्यांच्या मनातलं कुठे ओळखू येतं? न समजणं दोन्हीकडून आहे, आणि दोष मात्र एकाच बाजूच्या पदरात. झाकणांची ओळ आवाजाची आहे हे शाळेतल्या कोणालाही महिनोन्महिने कळलं नव्हतं, हे आठवलं की मिल्टनचं म्हणणं पटतं.

आमच्या शाळेत यातून वाट काढली ती पोरांनीच. व्हरांड्यातली ओळ ओलांडायची कशी, हा त्यांचा रोजचा प्रश्न. सुरुवातीला एकाने लाथेने झाकणं उडवली. त्या दिवशी जे रडणं झालं, ते ऐकून हँडपंपावरच्या बाया धावत आल्या. मग पोरं ओळीवरून उड्या मारायला लागली. बाबू मान वर न करता हसायचा. कोणी उडी मारली नाही तर ओळीवर दोनदा टकटक करायचा, म्हणजे 'मार'. तिसरीतल्या एका पोरीने खडूने ओळीच्या पुढे टिक्कर-बिल्लाचे चौकोन आखले आणि बाबूला सांगितलं, तुझं झाकण बिल्ला. हा खेळ त्याला लगेच जमला, आणि का जमला ते उघड आहे. चौकोन ठरलेले, क्रम ठरलेला, पाळी एकेकाची, अंगाला कोणी लागत नाही. रेषेवर पाय पडला की बाद, त्यात चर्चा नाही. आमच्या बाकीच्या पोरांपेक्षा तो नियमाला पक्का. एक पोरगा तर वैतागून म्हणाला, "मॅडम, हा रडीचा डाव खेळूच देत नाही!"

खो-खोसाठीही त्यांनी तोड काढली. बाबूला खो द्यायचा तर समोरून, आणि हात न लावता, त्याच्यापुढे जमिनीवर थाप मारायची. तो नेहमी शेवटच्या जागेवर बसतो. कधी दहा मिनिटं बसतो, कधी दोनच, मग उठून खांबाकडे जातो. जाऊ द्यायचं. स्पर्धेच्या नियमात हे बसत नाही, पण आपण मधल्या सुट्टीत स्पर्धा कुठे घेतो?

घरचा खेळ मात्र वेगळाच. घरभेटीला गेले तेव्हा त्याची माय पहिलंच वाक्य बोलली, "मॅडम, हा खेळतच नाही जी. दुसऱ्याचे पोट्टे कसे खेळतेत, हा नुसता येड्यावाणी करत राहते." हे ती बोलत असताना अंगणात धानाचा ढीग पडला होता, आणि बाबू कोपरापर्यंत हात त्यात खुपसून वर काढत होता. बोटांतून धान गळताना डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. पुन्हा खुपसायचा, पुन्हा वर. चेहरा असा की बघत राहावं. भिंतीला टेकवलेल्या सायकलचं मागचं चाक तो अधूनमधून फिरवून यायचा, आरे दिसेनासे झाले की हात हलवून नाचायचा आणि परत धानाकडे. ओळीने सगळं चालू होतं, धान, चाक, पाण्याचं टाकं, पुन्हा धान.

शाळेत झाकणांपाशी घट्ट बसलेला हा पोरगा घरी मोकळा फिरत होता, हे मी तिथे पाहिलं. घरात तीन माणसं, ओळखीचे आवाज, घंटा नाही, कोणी 'चला, वेळ संपली' म्हणत नाही. शाळेतली ओळ ही अर्धी खेळ असते आणि अर्धी आडोसा. 31 पोरांच्या कालव्यात ती त्याला धरायला खुंटी असते. म्हणून शाळेत जे दिसतं त्यावरून मूल घरी कसं खेळत असेल ते ठरवू नये, आणि पालकांनीही 'घरी तर चांगला राहते, शाळेतच काय होते' असं म्हणून शाळेवर राग धरू नये. जागा बदलली की खेळ बदलतो, तो आपल्या पोरांचाही बदलतो, यांचा जास्त बदलतो.

आणखी एक गोष्ट त्या घरात कळली. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. माय पहाटे जंगलात जाते, दुपारी दारात बसून पानं जुळवते आणि 70 पानांचा एकेक पुडा बांधते. संध्याकाळी ते पुडे फळीवर नेऊन ओळीने मांडायचे, म्हणजे मोजायला आणि वाळायला बरं. बाबू लहानपणापासून मायच्या पाठीवर, नंतर तिच्या शेजारी फळीवर गेलेला. तिथे पुड्यांच्या लांबच लांब ओळी तो बघायचा. ज्या घरात ओळ लावणं हे पोटापाण्याचं काम आहे, त्या घरातल्या पोराने झाकणांची ओळ लावली तर ते येडेपण कसं? मी हे मायला म्हटलं तेव्हा ती आधी गप्प बसली, मग पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "माझ्यापेक्षा सरळ लावते जी तो."

याच काळात एक वाईट गोष्ट झाली. कोणीतरी, कोण ते महत्त्वाचं नाही, घरच्यांना सांगितलं की ही सवय मोडा, वस्तू काढून घ्या, आठ दिवस रडेल आणि मग इतर मुलांसारखा खेळेल. बापाने चुंगडी माळ्यावर टाकली. बाबू पहिल्या दिवशी रडला. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा हात चावायला लागला. जेवण सोडलं, शाळा सोडली. चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा मनगटाजवळ दातांचे निळे व्रण होते आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. समोरच्या फरशीवर बोटाने टक, टक. झाकणं नव्हती तरी ओळ वाजवत होता. आजीने बापाला शिव्या घालत चुंगडी खाली काढली. त्या बाईला ऑटिझम हा शब्द आजही म्हणता येत नाही, पण त्या घरात त्या दिवशी नेमकं काय करायचं ते तिला कळलं.

वस्तू काढून घेऊ नका, हे मी म्हणते त्याचा अर्थ दिवसभर तेच करू द्या, असा नाही. एकच हालचाल परत परत करणं हा नेहमी खेळच असतो असंही नाही. बाबूत मला दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. आनंदात असला की खांदे सैल, मध्येच हसतो, बाजूला कोण आहे याची चोरून दखल घेतो, आवडीचं काही आलं, म्हणजे चणे, की ओळ सोडून उठतो. त्रासात असला की तीच ओळ लावताना जबडा आवळलेला, वेग वाढलेला, एक झाकण हललं तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा तो खेळत नसतो, स्वतःला सावरत असतो. तेव्हा झाकणांकडे बघण्यापेक्षा आधी काय झालं ते शोधावं. लाऊडस्पीकर लागला होता का, पोषण आहारात आज वेगळा वास होता का, सर रजेवर होते का. उत्तर तिथे सापडतं. आणि थांबवायचं तर एकदम थांबवू नये. आम्ही म्हणतो, "बाबू, अजून पाच झाकणं." तो मोजतो. पाच झाली की आवरतो. आकड्यावर त्याचा विश्वास आहे, आपल्या 'थोड्या वेळाने'वर नाही. खरं सांगायचं तर आपल्या 'थोड्या वेळाने'वर कोणत्याच पोराने विश्वास ठेवू नये.

मग त्याच्या खेळात शिरायचं कसं? मायने हे ज्या पद्धतीने केलं ते मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. तिने त्याची झाकणं घेतली नाहीत. स्वतःचे चिंचोके घेतले, त्याच्या ओळीला समांतर आपली ओळ लावली आणि प्रत्येक चिंचोका त्याच्यासारखाच आधी फरशीवर आपटला. तीन-चार दिवस त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग एक दिवस त्याने तिचा एक चिंचोका उचलला, आपटला, आणि दोन जागा पुढे सरकवला. तिची ओळ चुकली होती! दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम चुकवली. त्याने दुरुस्त केली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा चुकवली, पुन्हा दुरुस्त. पाचव्या-सहाव्या वेळी तो हात मांडीवर ठेवून वाट बघत बसला, की आता ही चूक करेल. वाट बघणं, पाळी, दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज, गंमत, सगळं त्या दोन ओळींमध्ये होतं. हे सांगताना ती म्हणाली, "मले वाटलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा हा माझ्यासंगं खेळला." मी तिला म्हटलं, तूसुद्धा पहिल्यांदाच त्याच्यासंगं खेळलीस.

खर्च शून्य. मी हे मुद्दाम लिहिते, कारण ऑनलाइन दुकानांत 'ऑटिझम टॉइज' म्हणून काय काय विकायला असतं आणि पालक उधारी करून घेतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बिया, शिंपले, पानं घेऊन बालवाड्या चालवल्या. आपल्याकडे चिंचोके, धान, मोहाच्या बिया आहेतच.

तान्ह्या पोळ्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरांचा पोळा भरतो. लाकडी नंदीबैल, त्याच्या पायांना चाकं, सजवून दोरीने ओढत आणायचा, मग घरोघरी फिरायचं आणि बोजारा घ्यायचा. गेल्या वर्षी आम्ही बाबूला वाजंत्री सुरू व्हायच्या आधीच शाळेच्या पटांगणात आणलं. सगळ्यांचे नंदी रांगेत तोंड पुढे करून उभे. बाबूने आपला नंदी उलटा केला, पाय आभाळाकडे, आणि चाक फिरवत बसला. मोठ्या माणसांत कुजबुज झाली, बैल उलटा करणं अशुभ वगैरे. बाप खाली बघायला लागला. तेवढ्यात दुसरीतला एक पोरगा ओरडला, "बाबूनं बैलाचं गॅरेज टाकलं!" आणि आपला नंदी घेऊन त्याच्यासमोर बसला, "माझं चाक करकर करून राहिलं, पाहून दे." मग रांग लागली. बाबू प्रत्येक नंदी उलटा करायचा, चारही चाकं फिरवायचा, कान लावायचा, परत द्यायचा. एकाचं चाक खरंच घासत होतं, ते त्याने परत न देता बाजूला ठेवून घेतलं. पोरं गॅरेज-गॅरेज खेळत होती, बाबू चाकं फिरवत होता. दोन वेगळे खेळ, पण त्या अर्ध्या तासात कोणाला त्यांची शिवण दिसली नसती. डफडं वाजलं तेव्हा तो कान झाकून मायकडे गेला. बोजाऱ्याची दहाची नोट त्याने घेतली नाही. नाणं दिलं तेव्हा घेतलं, ओट्यावर भिंगरीसारखं फिरवायला.

एका मुलीबद्दलही लिहायला हवं, थोडक्यात. बाबूआधी काही वर्षं एक पोरगी वर्गात होती. शांत, शहाणी, कोणालाही तिच्यात काही वेगळं वाटलं नसतं. ती घरी रोज 'शाळा-शाळा' खेळायची. तिच्या मावशीने व्हिडिओ दाखवला तेव्हा मी थक्क झाले. माझा सकाळचा तास होता तो, शब्द न् शब्द. हजेरीचा क्रम, माझं खोकणं, 'खेळू, करू, शिकू' काढा म्हणतानाचा सूर. रोज तोच एक दिवस. समोर दुसरं मूल बसलं आणि वेगळं उत्तर दिलं की ती कासावीस व्हायची. स्वमग्न मुलं कल्पनेचा खेळ खेळत नाहीत असं सरसकट म्हणतात, ते यासाठी चूक आहे. खेळतात, पण गोष्ट बदलू देत नाहीत. मुली बऱ्याचदा अशाच सुटून जातात, कारण त्या इतरांचं बघून हुबेहूब करतात आणि आपण म्हणतो, किती गुणी आहे. तिची तपासणी सहावीत गेल्यावर झाली.

कागदांबद्दल एवढंच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यात स्वमग्नता स्पष्टपणे आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात ती नव्हती, म्हणून काही जुने लोक अजून 'यात प्रमाणपत्र मिळत नाही' असं सांगतात. मिळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा दात आणि डोळे तपासून होईपर्यंत अशा मुलाला मागे ठेवू नका. पुढे करा, आणि तुम्ही पाहिलेलं दोन-चार ओळींत लिहून हातात द्या. विशेष शिक्षक केंद्रावर येत असतील तर त्यांनाही तोच कागद द्या. बाबूच्या बाबतीत असा कागद कामी आला, कारण तिथे पाच मिनिटांत तो फक्त टेबलाखाली बसून राहिला होता.

यंदाच्या नोंदीत मी लिहिलं : 'झाकणांची आवाजानुसार मांडणी करतो. टिक्कर-बिल्ला नियमाने खेळतो. खो-खोत समोरून खो दिल्यास दहा मिनिटांपर्यंत सहभागी होतो. मोठ्या आवाजात त्रास होतो, पूर्वसूचना द्यावी.' रकान्यात मावलं नाही, मागे कागद जोडला. मुख्य कारण, तो कागद आता दुसऱ्या शाळेत जाणार आहे.

बाबू चौथीत आहे. जूनमध्ये पाचवी, ती तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावात. तिथे दोनशेच्या वर पोरं, माईकवर परिपाठ, आणि मधल्या सुट्टीत मैदानावर जो गलका होतो तो रस्त्यापर्यंत ऐकू येतो. बाप म्हणतो, "हसतील जी पोट्टे त्याच्यावर. इथले ओळखतेत, तिथले कायले ओळखतीन?" नागपूरच्या एका वसतिगृहाच्या शाळेचा फॉर्म त्याने आणून ठेवला आहे. माय नाही म्हणते. आजी तर ऐकूनच घेत नाही. मी बापाला चूक म्हणू शकत नाही. त्याच्या पोरावर हसलेलं त्याने पाहिलं आहे.

सध्या आम्ही एवढं करतो की दर रविवारी, शाळा बंद असताना, माय आणि मी बाबूला त्या नव्या शाळेत नेतो. तिथल्या मुख्याध्यापकांनी फाटकाची चावी शेजारच्या किराणा दुकानात ठेवायचं मान्य केलं आहे. पहिल्या रविवारी तो फाटकाच्या आत आला नाही, फाटकाच्या गजांवरच झाकण फिरवून वाजवत राहिला. दुसऱ्या रविवारी पायरीपर्यंत आला. तिसऱ्या रविवारी चुंगडी उघडली. ती फरशी आमच्या फरशीपेक्षा वेगळी वाजते, त्यामुळे त्याला सगळा क्रम नव्याने लावावा लागला आणि त्यात एक तास गेला. गेल्या रविवारी ओळ पाचवीच्या वर्गाच्या दारापासून निघून दुसऱ्या खांबापर्यंत गेली. तिसऱ्या खांबाजवळ एक कुत्रं झोपलं होतं, म्हणून तिथे थांबली. परीक्षेआधी अजून तीन रविवार आहेत.